उतारावर बघितलेलं तेल

ती तेलाची पट्टी आत घाल आधी. घाल म्हनतो न्हवं? ऱ्हाऊ दे तुझं "फुल हाय मामा". लॉरी उतारावर, तोंड खाली, आन् तेल बघून वर मला दाखवतोस? थोबाड फोडीन. सपाटीला घे आन् समदी हितं येऊन बसा. चहा येईस्तोवर सांगतो. ही कुनी रचल्याली गोष्ट न्हाई, रासप्पनाची हाय. संकगिरीत माझ्या भिंतीला भिंत लावून ऱ्हायचा त्यो. मला सांगितलं तवा प्यायल्याला नव्हता.

आडी महिन्यातली, म्हंजे आषाढातली, अमावस्या व्हती. रासप्पन होसूरहून सिमेंटचं पाइप भरून सेलमला निघाल्याला. लॉरी नवी, एकटाच. धर्मपुरीत परोटा खाल्ला, पान लावलं. रातीच्या पावनेतीनला तोप्पूर घाटाच्या तोंडाला चहाच्या टपरीपाशी थांबला. टपरी बंद. टपरीवाला म्हातारा आडी अमावस्येला गावी जायचा, बापाला पानी सोडायला.

जागा ध्यानात ठेवा. त्याच्या एक वरीस आधी, अशाच आडी अमावस्येला, ह्याच टपरीपाशी रासप्पन थांबला व्हता. तवा लॉरी दुसरी व्हती, दगूड भरल्याली. आन् संगं नाचिमुत्तू अण्णा व्हता.

अण्णा तीस वर्सं स्टेअरिंगवर. रोज गाडी हातात घ्यायच्या आधी लॉरी सपाटीला लावायचा, इंजिन निवू द्यायचा. पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची. आन् मग पट्टीच्या टोकाचं तेल अंगठ्याला घेऊन दाराला आतल्या अंगानं एक ठिपका. रोजचा एक. सोमवार ते रविवार, सात ठिपक्यांची वळ, सोमवारी पुसून नवी. "ठिपका न्हाई म्हंजे तेल बघितलं न्हाई," म्हनायचा. आमी टिंगल करायचो. "अण्णा, दाराचं लगीन हाय का? रोज हळद लावताय!"

त्यो म्हनायचा, "हसा लेको. मी मेल्यावर माझं दार बोलंल."

बोललं की. सांगतो.

त्या लॉरीच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट ठिबकत व्हता. तेलाच्या प्रेशरचा काटा वर्सभर मेल्याला. मालक पोन्नुसामी गौंडर, त्याला तीनदा सांगून झाल्यालं. त्यो म्हनला, "काट्याकडं काय बघताय, रस्त्याकडं बघा." मग काय, पट्टी बघायची आन् तेल वतायचं, येवढाच विलाज.

धर्मपुरीपासनं लॉरी रासप्पननं आनली, अण्णा मागच्या फळीवर झोपल्याला. शुक्रवारची रात सरून शनिवार लागल्याला. टपरीपाशी अण्णा उठला, डोळं चोळत इचारतोय,

"तेल बघितलंस का रं?"

"बघितलं, अण्णा. फुल हाय."

"ठिपका?"

"हात पुसलं आत्ताच. सेलमला देतो. तुमचं दार काय पळून चाललंय?"

अण्णा हसला. आन् बसला की स्टेअरिंगवर.

रासप्पन खोटं बोलला नव्हता. बघितलं व्हतं त्यानं. पन उतारावर बघितलं! लॉरीचं तोंड खाली, तेल समदं म्होरं गोळा झाल्यालं, आन् पट्टीबी म्होरंच. पट्टी म्हनतीय फुल. आन् मागं पंप कोरडाठाक. अर्धा घाट उतरली आन् इंजिन जाम झालं. मागनं पंचवीस टन दगूड ढकलतोय. इंजिन बंद, तसा ब्रेकचा वारा संपला. गेली खडकावर. रासप्पन झुडपात फेकला गेला, वाचला. अण्णाला बाहीर काढायला... उजाडलं.

तिसऱ्या दिशी गौंडर ते दार घिऊन लॉरीवाल्यांच्या संघाच्या हापिसात आला. म्हनला, "मोजा. शुक्रवारपतुर ठिपकं हायती. शनिवारचा कुठं हाय? म्हाताऱ्यानं तेल बघितलंच न्हाई. माझी लॉरी खाल्ली त्यानं."

अण्णाची बायकू पाप्पात्ती हापिसाच्या उंबऱ्याशी उभी. ती म्हनली, "तीस वर्सांत एक दिस चुकला न्हाई त्यो." पन कोन आयकतंय बाईमानसाचं?

रासप्पन खाली मान घालून बसल्याला. एक सबुद पुरला असता. मी बघितलं, माझं चुकलं. न्हाई निघाला तोंडातनं. गौंडर घेनार व्हता ती नवी लॉरी दिसत व्हती त्याला. आन् त्या हापिसात समद्यात मोठ्यांदा वरडलं कोन, ठाव हाय? मी! "म्हातारा झोपंतच चढला असंल!" थू माझ्या जिंदगानीवर.

पाप्पात्तीनं ते दार भंगारात जाऊ दिलं न्हाई. डोक्यावर घिऊन गेली आन् शेरडांच्या कुंपनाला फाटक म्हनून बांधलं. गौंडरनं नवी लॉरी घेतली, रासप्पनला दिली. झालं. अण्णाचं नाव कुनी घ्यायचं झालं तर पोरांना दम द्यायला घ्यायचं. "नाचिमुत्तूवानी करू नगंस."

आता या त्या अमावस्येवर.

रासप्पन लघवीला उतरला. परत आला, तर लॉरीच्या तोंडावरची झडप उघडी. त्यानं उघडली नव्हती. बॅटरी मारली. तेलाची पट्टी बाहीर. बंपरवर आडवी ठेवल्याली. पुसल्याली. लख्ख.

आजूबाजूला कुनी न्हाई. एक गाडी न्हाई घाटात. बेडकं वरडत व्हती, तीबी गप झाली.

त्यानं पट्टी आत घातली.  परत काढली. टोकाला तेल.

क्याबिनीत, मागच्या फळीवर, कुनीतरी कूस बदलली.

"तेल बघितलंस का रं?"

तोंडात सवयच ती... "बघितलं, अण्णा."

मग त्याला कळलं आपुन कुनाला बोललो.

 मग...

"ठिपका?"

पळावं वाटलं. पन अंगठा आपसूक पट्टीवर गेला. त्याच्या उजव्या अंगठ्याला लहानपनापासनं आडवी चीर व्हती, उसाच्या कोयत्याची. त्यो तेलाचा अंगठा तसाच धरून त्यानं दाराला आतनं हात लावला. नव्या लॉरीचं दार, गुळगुळीत असाया पायजे. हाताला पोचा लागला. गंज लागला. ठिपकं लागलं. वळीनं. पाच... आन् मग रिकामी जागा.

त्यानं अंगठा टेकला.

स्टेअरिंगम्होरली सीट करकरली. मानूस बसल्यावर करकरती... तशी.

रासप्पन पळाला. चप्पल तितंच. घाट पायी उतरला, टोलनाक्यावर जाऊन पडला. उजाडल्यावर टोलवाल्याला घिऊन वर आला. झडप बंद. पट्टी आत. दार आतनं कोरं, नवं.

त्यानं लॉरी तितंच सोडली. बस धरून संकगिरीला आला. घरी न्हाई गेला, सरळ पाप्पात्तीच्या शेरडांपाशी. समदं सांगायचं, पाय धरायचं, म्हनून.

ती फाटकापाशी बसल्याली. राख आन् नारळाची किशी घिऊन दार घासत व्हती. मागं न बघता म्हनली, "रातीत कुनीतरी ठिपका लावलाय. पहाटपासनं घासतीय. निघंना."

पाचव्याच्या म्होरं. शनिवारच्या जागंवर. मधनं आडवी चीर.

मग तिनं मागं वळून बघितलं. त्याच्या तोंडाकडं न्हाई. अंगठ्याकडं.

"वरीस लागलं व्हय रं?"

...

रासप्पननं परत लॉरी हानली न्हाई. मी संघात उठलो, समदं बोललो. गौंडर म्हनला, "जुनं मढं उकरू नका." बाकीची चहा पीत बसली. एकानंबी अण्णाचं नाव धुतलं न्हाई. रासप्पन दोन वर्सांत गेला. पाप्पात्ती गेली, शेरडं इकली. दार मी आनलं. ते बघ, शेडच्या मागं, भिंतीला टेकवल्यालं.

ठिपकं समदं वाळलं. पापुद्रं निघालं. अठरा वर्सं झाली.

जा की. भितोस कशाला? लाव बोट त्या शेवटच्याला.

...

काय रं? ओला हाय न्हवं?