पाठमोरी

कामिनीला हॉलमधल्या त्या मोठ्या भिंतीसाठी एकच चित्र हवं होतं, आणि ते काही केल्या मिळत नव्हतं.

जळगावात महामार्गाच्या अलीकडे नवी वस्ती उठली आहे, तिथे तिने आणि नीलेशने फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीला पाहुण्यांनी चित्रांचा ढीग आणला. पळणारे सात घोडे तर दोन-तीन जणांनी आणले. कुणी मागून दिवा लागणारा धबधबा दिला, कुणी बासरीवाला कृष्ण. कामिनीने सगळ्यांचं कौतुक केलं आणि पाहुणे पांगल्यावर सगळी चित्रं माळ्यावर सरकवली. एखादं तरी लाव, लोक विचारतील, असं नीलेश म्हणाला. पण चित्रांच्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, हात चांगला होता. पुढे संसारात ते सुटलं, पण आवड मात्र पक्की राहिली. आणि तिची एक अट होती. चित्रातल्या माणसाने आपल्याकडे बघायचं नाही. उठता-बसता कुणी भिंतीवरून टक लावून बघतंय, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

उन्हाळा लागता लागता ती धुळ्याला मावशीकडे गेली. मावशीच्या देवघरातल्या तसबिरीची काच तडकली होती, ती बदलून आणायला म्हणून बाजारामागच्या गल्लीत अभिमन नावाच्या फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरली. काच कापून होईपर्यंत ती उगाच इकडेतिकडे बघत राहिली. कोपऱ्यात जुन्या चौकटी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्यामागे ते होतं.

तेलरंगातलं चित्र, खाली कुणाची सही नाही. उंबऱ्यात बसलेली एक बाई. अंगावर विटक्या लाल रंगाचं लुगडं, मांडीवर सूप, त्याची फक्त कड दिसत होती. बाहेर पांढरंफटक ऊन, आत सावली, आणि बाई उन्हाकडे तोंड करून बसलेली. दिसत होता तो अंबाडा, एक कान, आणि मानेवर सुटलेल्या चार बटा. चेहरा नाहीच. कामिनी कितीतरी वेळ बघत राहिली. आपण एवढे दिवस जे शोधत होतो, ते हेच, असं तिला झालं.

"काय सुरेख पाठमोरी काढलीय," ती म्हणाली.

अभिमनने काच पुसता पुसता मान वर केली. आधी चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काहीतरी बोलायला आला आणि थांबला.

"घरना लोकेसले एकदाव दखाडी ल्या, ताई," एवढंच तो म्हणाला.

घरच्यांना दाखवायचं कशाला, भिंत माझी आहे, असं म्हणून ती हसली आणि चित्र घेऊन आली.

पहिले काही दिवस फार छान गेले. दुपारी काम आटोपलं की ती चित्रासमोर चहा घेऊन बसायची. ती बाई काय निवडत असेल, बाहेर काय बघत असेल, याचा विचार करत राहायची. मग एकदा शेजारची सुलक्षणा विरजण मागायला आली. जाता जाता चित्रापाशी थांबली आणि म्हणाली, किती प्रसन्न हसते ही बाई, घरात शिरल्या शिरल्या बरं वाटतं. कामिनीने ते मनावर घेतलं नाही. लोक चित्राकडे नीट बघतच नाहीत, असं तिचं जुनं मत होतं.

पण रविवारी जेवताना नीलेश म्हणाला, या बाईचे डोळे तुझ्या आईसारखे आहेत ना?

नीलेश बियाण्यांच्या कंपनीत होता, यावल-चोपड्याच्या गावांतून फिरायचा, थट्टामस्करीचा माणूस. कामिनीला वाटलं, हीही थट्टाच. ती म्हणाली, डोळे कुठून काढलेस, ती पाठमोरी आहे. तो हसला. तिनेही हसून पुन्हा तेच सांगितलं. मग मात्र तो उठला, हात धुऊन चित्रापाशी गेला आणि त्याने बोट टेकवलं.

"हा काय डोळा. हा दुसरा. हे ओठ..."

कामिनी बघत होती. त्याचं बोट अंबाड्यावर होतं. काळ्याभोर केसांवरून ते सावकाश फिरलं आणि मानेच्या खळगीशी थांबलं. नीलेश वळला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. बायको थट्टा करत नाही, हे त्याला कळलं होतं.

कामिनीने मोबाइलवर चित्राचा फोटो काढला आणि नाशिकला बहिणीला, रूपालीला पाठवला. काही लिहिलं नाही, फक्त कसं वाटतं ते विचारलं. रूपालीचं उत्तर लगेच आलं. छान आहे ताई, पण किती रोखून बघते गं.

त्या दिवसापासून घरात बोलणं कमी झालं. कामिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला आडून आडून विचारायची. दूधवाला, वरच्या मजल्यावरच्या बाई, सगळ्यांना चेहरा दिसायचा. फक्त तिलाच नाही. ती डोळे तपासून आली, डोळे चांगले होते.

मग यावलहून सासूबाई आल्या. पुष्पाबाई केळीच्या बागेत जन्म गेलेली बाई, एरवी कशाला घाबरायची नाही. आल्या तेव्हा चित्राखालीच पाय पसरून बसल्या, बाई नाकीडोळी नीटस आहे म्हणाल्या. दोन दिवसांनी कामिनीच्या लक्षात आलं, त्या आता हॉलमध्ये बसतच नाहीत. स्वयंपाकघरात पाटावर बसून राहतात. कामिनीची छोटी लेक भाविकाही आजीला चिकटून असते, हॉलमधून जाताना भिंतीच्या कडेकडेने जाते. नीलेश आणि त्या काहीतरी कुजबुजत होते, कामिनी आली की गप्प व्हायचे.

तिने एका संध्याकाळी सासूबाईंना गाठलंच. काय दिसतं तुम्हाला, ते मला सांगा म्हणाली.

पुष्पाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "मी आली तव्हा हासत होती वं ती. आता नाही हासत."

"मग?"

"आमच्याकडं नाही पाह्यत आता. तू जिकडं जाशीन... तिकडं तिची नजर जाते."

कामिनीने दाराआडून हॉलमध्ये डोकावलं. चित्रातली बाई होती तशीच होती. उन्हाकडे तोंड, आपल्याकडे पाठ. एवढं शांत चित्र तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि आता त्याची तिला इतकी भीती वाटली की हातातलं भांडं ठेवायचंही तिला भान राहिलं नाही. चेहरा दिसला असता तर बरं झालं असतं. आपल्याकडे कोण बघतंय, हे तरी कळलं असतं.

चित्र उद्याच परत करायचं, असं ठरलं. पण नशिराबादला नीलेशचे काका आजारी होते, त्यांना बघायला सकाळी सगळे गेले. कामिनीला घरचं आवरायचं होतं, ती मागे राहिली. जेवणाच्या वेळेपर्यंत येतो म्हणालेले, उशीर होईल असा त्यांचा फोन आला.

खानदेशातली मे महिन्यातली दुपार ज्याने काढली आहे, त्याला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, आणि तरी फटीतून तापलेला वारा आत येतो. लाईट गेली. कूलरची घरघर थांबली आणि घर एकदम मुकं झालं.

तेव्हा तिला तो आवाज आला. सूप पाखडल्याचा. धान्य वर उडायचं, खाली पडायचं... पुन्हा वर, पुन्हा खाली. तिला वाटलं, सुलक्षणा गच्चीवर काहीतरी निवडत असेल. पण आवाज वरून येत नव्हता. पाठोपाठ वास आला, तापलेल्या मातीचा आणि डोक्याला लावलेल्या तेलाचा.

ती हॉलच्या दारात आली आणि आवाज बंद पडला. काम करणारा माणूस चाहूल लागली की थांबतो ना, तसा.

पळून जावं असं तिला वाटलं. पण त्याहून जास्त राग आला. चित्र तिने निवडलं होतं, भिंत तिची होती. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि चौकटीला दोन्ही हात घातले. चित्र जड होतं. खिळ्यावरून सुटेना. जोर लावताना तिचा उजवा हात निसटला आणि बोटं रंगावर टेकली, नेमकी त्या बाईच्या मानेवर.

मान कोमट होती. घामाने ओली होती. बोट टेकताच ती किंचित आत दबली, अंगाचं मांस दबतं तशी.

आणि त्याच क्षणी कामिनीच्या स्वतःच्या मानेवर, मागून, कुणीतरी बोट टेकवलं.

ती ओरडली नाही. मागे वळून पाहिलं नाही. स्टुलावरून कशी उतरली, दार कसं उघडलं, तिला पुढे कधी आठवलं नाही. सुलक्षणाने दार उघडलं, तेव्हा ती अनवाणी उभी होती आणि मानेवर हात घट्ट दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नीलेशने चित्र चादरीत गुंडाळून डिकीत टाकलं. धुळ्याला दुकानापाशी गाडी थांबली, तेव्हा कामिनी खाली उतरली, पण आत गेली नाही. बाहेर उन्हातच उभी राहिली. आत चादर सोडल्याचा आवाज आला.

"हाई ते पाठमोरी शे," अभिमन म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

नीलेश बाहेर आला. तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाला, चेहरा गेला कामिनी, आता मलाही पाठच दिसतेय.

तिला रडूच आलं. मी पहिल्यापासून हेच सांगत होते, म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी तिच्यासारखं दिसलं होतं. तू आधी का बोलला नाहीस, असं तिने दारातूनच अभिमनला विचारलं. तो खाली बघत सांगू लागला. धरणगावच्या एका बाईंनी हे त्याच्याकडूनच नेलं होतं. त्याही म्हणाल्या होत्या, पाठमोरी आहे म्हणून घेते. पुढे त्यांचे सारखे फोन यायचे, चेहरा कसा आहे ते सांग म्हणून. मग फोन बंद झाले आणि घरच्यांनी चित्र परत आणून टाकलं. त्या बाईंचं पुढे काय झालं, ते त्याने विचारलं नाही. त्याला विचारवलं नाही.

चित्र तिथेच सोडून दोघं घरी आले. त्या रात्री सगळ्यांना गाढ झोप लागली. पुष्पाबाई हॉलमध्ये बसू लागल्या, भाविका तिथेच खेळू लागली. भिंत रिकामी होती आणि कामिनीला ती रिकामीच आवडू लागली.

पुढच्या महिन्यात नाशिकला रूपालीचा साखरपुडा झाला. कामिनी खूप दिवसांनी मन लावून नटली, नाचली, प्रत्येक फोटोत उभी राहिली. घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी रूपालीने फोटो पाठवले. कामिनी खुर्चीत बसून एकेक बघत होती. नीलेश समोर सोफ्यावर होता. फोटो झकास आले होते. सगळ्यांच्या मधोमध ती, केसांत गजरा, थेट समोर बघत हसलेली. स्वतःवरच खूश होत तिने खालचा मजकूर वाचला.

ताई, फोटो काढताना तू मागे वळून काय बघत होतीस? सगळ्या फोटोंत तशीच आलीस.

तिने पुन्हा फोटो पाहिले. पहिला, दुसरा, शेवटचा. मग मान वर करून नीलेशकडे पाहिलं. हे वाच, असं तिला म्हणायचं होतं.

नीलेश तिच्याकडेच बघत होता. आत्ता नाही, बऱ्याच वेळापासून बघत असावा. मांडीवरची भाविका त्याने जवळ ओढून घेतली होती आणि तिच्या डोळ्यांवर हात ठेवला होता.

"कामिनी," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "जरा... इकडे वळतेस का?"

ती त्याच्या डोळ्यांतच बघत होती.