गन बंद केली का?

"आधी तो प्लग काढा!"

अहमदपूरच्या एसटी स्टँडवर, भर उन्हात, मागून कुणीतरी एवढ्या मोठ्यानं ओरडलं की तनुजाच्या हातातली ग्लू गन सुटता सुटता राहिली. तिनं वळून पाहिलं. खांद्याला काळी सॅक, घामानं पाठीला चिकटलेला निळा शर्ट... आणि चेहरा असा पांढराफटक, जणू तिच्या हातात नागच होता.

"काय झालं?"

"वायर बघा तुमची. प्लगापाशी... आतली तार दिसून राहिली."

तनुजानं पाहिलं. रबर तडकलेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं. तिला ते माहीत नव्हतं असं नाही. लग्नसराईत वायर बदलायला फुरसत कुणाला होती?

उदगीरहून ती रुखवताची ऑर्डर पोचवायला आली होती. थर्माकोलचा लग्नमंडप, त्यात सुपारीचे नवरा-नवरी, मण्यांची तोरणं. वाटेत बस एका खड्ड्यात आदळली आणि मंडपाचे खांब निखळले. मोडका मंडप घेऊन नवरीच्या दारात कसं जायचं? म्हणून कँटीनवाल्याला विनवून तिनं मोबाइल चार्जिंगच्या जागी गन लावली होती.

"एक खांब राहिलाय फक्त. एका मिनिटाचं काम आहे."

"एक मिनिट..." तो पुटपुटला. "सगळे हेच म्हणतात." आणि हात लांब करून त्यानं बटण बंद केलं.

तनुजाला राग यायला हवा होता. पण ज्या हातानं त्यानं बटण बंद केलं तो हात थरथरत होता.

"तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात का?"

"न्हाई. लातूरला दवाखान्यात हाय. ब्रदर."

"ब्रदर? कुणाचे?"

तो गोंधळला. मग पहिल्यांदाच हसला. "पेशंटचे. म्हणजे, नर्सिंग केलंय मी. जळीत वॉर्डात असतो." आणि घाईघाईनं पुढं म्हणाला, "तुमचा न्हाई हं ब्रदर."

गनमध्ये अजून ऊब होती. तेवढ्यात तनुजानं शेवटचा खांब चिकटवला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, डोळे अर्धवट मिटून.

"असे थरथरलात तर मंडप वाकडा होईल नवरीचा."

"गन जरा लांब धरा मग. भ्या वाटतं मला."

एवढा उंचापुरा माणूस, आणि भीती वाटते म्हणून असं सरळ सांगतो! तनुजानं त्याच्याकडे पाहिलं, आणि नजर जरा जास्तच वेळ तिथं राहिली. त्याचं नाव अंगद. गाव हदगाव. सुट्टीला घरी निघालेला. नांदेडची गाडी लागली तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून तो परत वळला.

"नवी वायर बसवली की फोटो पाठवा मला. नंबर घ्या."

नंबर मागणारे तिनं बरेच पाहिले होते. पण वायरीच्या निमित्तानं... हा पहिलाच.

फोटो तिनं पाठवला. मुद्दाम, बोटात मोगऱ्याचं फूल धरून. उत्तर आलं, "वायर चांगली हाय." बऱ्याच वेळानं दुसरं आलं, "फूल पण."

मग रोज दुपारी मेसेज यायला लागला.

"गन बंद केली का?"

"केली हो ब्रदर."

"ब्रदर म्हणू नका ना..."

"मग काय म्हणू?"

यावर 'टाइप करत आहे' असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं... आणि शेवटी यायचं ते एवढंच: "गन आडवी नका ठेवू. उभीच ठेवा, फरशीच्या तुकड्यावर."

"तुम्ही मला शिकवता? आडवी ठेवली की पातळ ग्लू मागं वाहतो, हे मला कळतं. ग्लूची कांडी मागं ओढायची नसते, नळी गरम असतानाच फडक्यानं पुसायची असते, हेही कळतं."

"कळतं म्हणूनच भ्या वाटतं. कळणारेच बेफिकीर होतात."

एकदा तिनं फोनवर विचारलं, "वॉर्डात काय बघता हो एवढं?" पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. "सांगत न्हाई," तो म्हणाला. "सांगितलं की तुम्हाला पण झोप न्हाई येणार."

न सांगताही ती भीती तिच्यात उतरली. काम संपवून उठली की ती पुन्हा आत जाऊन बटण बघायची. अंगणात कपडे वाळत घालताना मध्येच थांबून हवेत वास घ्यायची. घरात बाप आणि ती, दोघंच. आई जाऊन वर्षं झाली होती. बापानं, व्यंकटरावांनी, जन्मभर एसटी चालवली, इंजिनाच्या घरघरीत कान गेले, आता गुडघेही. दुपारी आतून कडी लावून झोपले की ढोल वाजला तरी उठायचे नाहीत.

आणि दुसरी भीती होती ती बापाचीच. व्यंकटराव रागवायचे नाहीत, गप्प व्हायचे. ते गप्प झाले की घरातली भांडीसुद्धा दबकून वाजायची. अंगदचं नाव घरात काढायची तिची छाती नव्हती. म्हणून फोन आला की ती गच्चीवर पळायची, आणि शेजारची सरजाबाई तिच्या गच्चीवरून विचारायची, "का गं, कोणाला हसून राहिलीस?"

मे महिन्यात एका दुपारी अंगद उदगीरला आला. फक्त तिला भेटायला.

सकाळी काम चालू असतानाच वीज गेली होती. तनुजा एका कलशावर मणी लावत बसली होती, गन अर्ध्यातच थंड झाली. तिच्यावरचा लाल दिवा विझलेला. मग ती उठली, केस विंचरले, साडी नको म्हणून ड्रेस घातला, तो बदलून पुन्हा पहिलाच घातला, आणि "बाबा, मणी आणायला जाते" असं जोरात सांगून निघाली. मागं कडी लागल्याचा आवाज आला.

किल्ल्याच्या वाटेवरच्या रसवंतीत तो आधीच येऊन बसला होता. वीज नसल्यानं चरक बंद, मालक टॉवेलानं वारा घेत होता. ती समोर बसली. इतके दिवस फोनवर चुरूचुरू बोलणारी ती, आता तोंडातून शब्द फुटेना. दारातून कुणी ओळखीचं गेलं तर? तिनं ओढणी कानापर्यंत ओढली.

"घाबरल्या का?"

"तुम्ही नाही घाबरलात?"

"मी तर लातूरपासून घाबरत आलो." तो टेबलावरच्या ओरखड्यावर नख फिरवत राहिला. "मला एक सांगायचं होतं... फोनवर सांगता येत न्हाई ते..."

"सांगा ना."

"मी... म्हणजे तुम्हाला..."

आणि छन्‌ छन्‌ छन्‌ करत चरकाची घुंगरं वाजायला लागली. पंखा फिरला, दिवा लागला. "आली लाइट!" म्हणत मालक उठला.

तनुजा ताडकन उठली.

"मी स्विच बंद केला नाही."

"काय?"

"गन... लाइट गेली तशी ठेवून दिली हातातली. आडवी. थर्माकोलवर. बटण... बटण चालूच आहे, अंगद! बाबा आत झोपलेत!"

त्याचा चेहरा स्टँडवर होता तसाच झाला. पांढराफटक. पण तो उठला.

तिच्या स्कूटीवर ती पुढं, तो मागं. एका हातानं तिचा फोन कानाला लावून तो सारखं सांगत होता, "वाजून राहिला... उचलत न्हाईत." सरजाबाईचा फोन बंद. चौबाऱ्याच्या चौकाजवळ धान्याचा ट्रक आडवा लागलेला. तनुजा हॉर्न वाजवत राहिली, ओरडत राहिली, हमाल नुसते बघत राहिले. शेवटी चाक नालीच्या कडेवरून घालून ती निघाली. आपण नटत होतो, एवढंच तिच्या मनात येत होतं. आपण आरशापुढं नटत होतो आणि बाबा...

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. जळक्या थर्माकोलचा, घशात रुतणारा. बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून काळा धूर निघत होता. दाराला आतून कडी.

"बाबा! बाबा!"

अंगद फाटकातच थिजला. क्षणभर तिला वाटलं, हा आता पळून जाणार. पण तो पुढं आला.

"मेन स्विच कुठंय?"

"ओट्यावर, मीटरपाशी!"

त्यानं धावत जाऊन खटका खाली ओढला. मग अंगणातल्या टाकीच्या कडेला वाळत घातलेली गोधडी ओढून पाण्यात बुचकळली. तनुजानं दाराच्या फाटक्या जाळीतून हात घातला, मनगट खरवडलं, कडी निघाली.

आत धूर. टेबलावर लहान लहान ज्वाळा, थर्माकोल वितळून काळा ठिपकत होता. पडदा अजून पेटला नव्हता, पण झळ त्याच्यापर्यंत पोचली होती. तिनं काही विचार न करता गन उचलून पडद्यापासून लांब भिरकावली. उलट्या बाजूनं वाहिलेला उकळता ग्लू तिच्या बोटांवर बसला. ती किंचाळली. त्याच वेळी अंगदनं ओली गोधडी टेबलावर टाकली, सगळ्या अंगानं दाबली, आणि तसाच आतल्या खोलीत घुसला.

व्यंकटराव खोकत उठून बसले होते. धुरातून एक अनोळखी तरुण आपल्याला काखेत हात घालून उचलतोय हे बघून त्यांनी त्याच्या छातीवर बुक्की मारली.

"कोण रे तू?"

"अंगद! हदगावचा! चला बाहेर!"

ओट्यावर आल्यावर तनुजानं बापाला मिठी मारली. ते बरे होते, नुसते खोकत होते. मग तिला तिचा हात दिसला. ग्लू बोटांवर पांढरा गोठत होता, खालचं मांस जळत होतं. तिनं नखानं तो ओढायला घेतला.

"ओढू नको, तनुजा!"

पहिल्यांदाच त्याचं अहोजाहो सुटलं होतं. "कातडी निघून येईल. इकडं दे हात."

त्यानं तिला टाकीपाशी बसवलं. मनगट धरलं, आणि मगभर पाणी हळूच बोटांवर सोडलं. मग दुसरा. मग आणखी एक. पाणी त्याच्या बुटांवरून, तिच्या ओढणीवरून वाहत अंगणात गेलं.

"दुखून राहिलं?"

तिनं मान हलवली. डोळ्यांतून नुसत्या धारा. "तुम्हाला भीती नाही वाटली आत जायला?"

"लई वाटली. अजून वाटून राहिली." मगाची धार मात्र बोटांवरून ढळत नव्हती. "वॉर्डात रोज दुसऱ्यांची माणसं असतात. आज पहिल्यांदा वाटलं... आपलं माणूस गेलं तर..." त्यानं मान खाली घातली. "रसवंतीत तेच सांगायचं होतं. मला तू पाहिजेस. असं सांगायची वेळ न्हाई ही, पण मला पुन्हा धीर होणार न्हाई."

तनुजानं मोकळा हात उचलून त्याच्या कपाळावरची काजळी पुसली. ती पुसली गेली नाही, पसरली.

सरजाबाई शेतातून येऊन फाटकात उभी राहिली होती. "अगं बया, काय झालं हे! आन्‌ केवढं पाणी वतून राहिला हा? नळाला परवा येणार पाणी. टाकी रिकामी होईल की!"

तेव्हा तनुजाला बाप दिसला. व्यंकटराव ओट्याच्या कडेला बसून त्या दोघांकडे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. गप्प होते.

आगीत शिरताना वाटली नव्हती तेवढी भीती तिला आता वाटली. पण आता खोटं बोलवेना.

"बाबा," ती त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "मी मणी आणायला गेले नव्हते. यांना भेटायला गेले होते. त्या गडबडीत बटण राहिलं. चूक माझी आहे, यांची नाही."

अंगदच्या हातातला मग हवेतच थांबला. गुडघ्यावर हात टेकून व्यंकटराव उठले, भिंतीला धरून पायऱ्या उतरले, फाटकातून बाहेर गेले. तनुजानं डोळे मिटून घेतले. गेले. आता कितीतरी दिवस घरात आवाज नसणार...

बादलीची कडी वाजली.

व्यंकटराव सरजाबाईच्या घरातून भरलेली बादली घेऊन येत होते, गुडघ्यामुळे एका बाजूला कलत, अर्धं पाणी धोतरावर सांडत. अंगद उठायला लागला तसं त्यांनी हातानंच त्याला बसवलं. बादली त्याच्यापुढं ठेवली, आणि पोरीच्या लाल झालेल्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले.

"वत," ते म्हणाले. "मी आणखी आणतो."