जिन्यातला हात

तो हात पहिल्यांदा दिसला, तेव्हा मला फक्त राग आला.

मी, ताई आणि शे-दीडशे अनोळखी माणसं त्या मोठ्या दुकानाच्या अरुंद जिन्यात अडकलो होतो. वरच्या मजल्यावर धूर झाला, कुणीतरी ‘आग’ म्हणालं, आणि अख्खा मजला जिन्याकडे धावला. खालचं दार आत उघडणारं. पुढच्यांच्या अंगांनीच ते दाबून बंद झालेलं. वरच्यांना हे कुठून कळणार... ते ढकलतच होते.

ताईला आठवा महिना. चेहरा पांढराफटक. “श्वास... पुरत नाहीये गं,” ती म्हणाली. मी देवाचं नाव घेतलं, तेही अर्धंच ओठांवर आलं.

तेवढ्यात मागून, माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. गर्दीतले हात आम्हा बायकांना चांगले ठाऊक असतात. मी कपडे शिवते, बाहीत टाचणी कायम खोचलेली. काढली आणि टोचली — चांगली खोल.

हात हलला नाही.

“टोचा,” मागून घोगरा आवाज आला. “हवी तेवढी टोचा. पण हा काढला, तर मागचं सगळं वजन ह्यांच्या पोटावर येईल.”

तेव्हा नीट पाहिलं. एका हाताची बोटं कठड्याला आवळलेली, दुसरा हात भिंतीला टेकलेला. मधल्या वीतभर मोकळ्या जागेत आम्ही दोघी. टाचणीपाशी रक्ताचा थेंब, शेजारी सुकलेल्या रंगाचे ठिपके.

“मला वाटलं...”

“बरोबरच वाटलं. आता एक करा. मला वळता येत नाहीये. माझ्या मागे एक आजी आहेत. त्यांना म्हणा, एक पायरी मागे.”

“त्या एकट्या काय करणार?”

“त्यांच्या मागच्याला सांगतील.”

मी मान वळवून सांगितलं. आजींनी सांगितलं. आणि ते तीन शब्द, टाळकऱ्यांनी धृपद उचलावं तसे, वर वर चढत गेले... एक पायरी मागे... एक पायरी मागे...

वजन मात्र हटेना. त्याचं कोपर वाकू लागलं.

“भीती वाटतेय?” मी विचारलं.

“खूप. तुम्ही बोलत राहा. शिव्या दिल्या तरी चालतील.”

“शिव्या मी ओळखीच्यांनाच देते.”

“मग ओळख करून घ्या. रंगारी आहे. शिडीवर... उभा राहायची सवय आहे.”

त्याचा श्वास तुटत होता. ताईचे डोळे मिटू लागले. “ताई, इकडे बघ. माझ्याकडे बघ गं...”

आणि मग पाठीवरचा दाब सैलावला. वर धूर होता; तरीही वरची माणसं खोकत खोकत त्याच धुराकडे मागे सरली होती, ज्यांची तोंडंही पाहिली नव्हती अशांसाठी. खाली दार उघडलं. उजेड आला.

फुटपाथवर कुणा बाईंनी ताईच्या तोंडाला पाणी लावलं. ताईचा हात पोटावर. मी तिच्याकडे बघत राहिले... किती वेळ, कोण जाणे.

“हललं,” ती म्हणाली आणि रडू लागली.

दारातून वरचे लोकही एकेक बाहेर येत होते, काळवंडलेले, पण चालत. रंगारी बाजूला उभा होता. मूठ अजून तशीच आवळलेली.

“उघडतच नाहीयेत बोटं,” तो हसला.

मी त्याचा हात हातात घेतला. अंगठा सोडवला, मग एकेक बोट, हळूहळू. करंगळीही सुटली.

“आता सोडलात तरी चालेल,” तो म्हणाला.

“चालेल?”

तो रस्त्याकडे बघत राहिला.

“नाही,” म्हणाला. “नाही चालणार.”

मी सोडला नव्हताच.