दाब घेशील का?

मी शहराच्या पाणी खात्यात गळती ऐकते. नोकरीचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण काम एवढंच: रस्त्याखालचा पाइप कुठे गळतोय ते वरून ऐकून सांगायचं. हत्यार म्हणजे चार फुटांची, मधोमध फिरवून उघडणारी पोलादी काठी, वरच्या टोकाला लाकडाची वाटी. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचं मला सगळ्यात अवघड जातं, असं आमचे मुकादम म्हणतात.

बारा वर्षं हेच करतेय. सरळ वाहणारं पाणी कसं वाजतं, चिरेतून निसटणारं कसं, पाइपात अडकलेली हवा कशी, हे मला डोळे मिटून कळतं. सकाळी सात वाजता फुटपाथवर काठीला कान लावून उभी असलेली बाई बघून लोकांना वाटतं, हिचं काहीतरी बिनसलंय. एका आजोबांनी एकदा थांबून विचारलं होतं, खाली कोण आहे. मी म्हटलं, अजून बोलले नाहीत.

गळती सापडली की त्या भागाचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. तो बंद केला की इथला दाब शेजारच्या लाइनवर जातो, आणि ती लाइन जुनी असली तर फुटते. म्हणून आधी विचारायची पद्धत आहे. मी माझ्या बाजूच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरून पाइपावर पान्याने दोन ठोके देते. दोन म्हणजे, दाब घेशील का? पुढच्या चौकातल्या खड्ड्यात मुकादम असतात. ते त्यांच्या बाजूची लाइन तपासतात आणि तयारी असेल तर तीन ठोके देतात. तीन म्हणजे, दे. तीन आले नाहीत तर व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावायचा नाही. फोन असताना ही ठोकाठोकी कशाला, असं प्रत्येक नवा साहेब विचारतो. एक तर खड्ड्यात फोन लागत नाही. दुसरं म्हणजे, मुकादमांच्या मते फोनवर माणूस सहज हो म्हणून मोकळा होतो. ठोका द्यायला हात उचलावा लागतो.

तर असा माझा कान. म्हणून गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यात, पोस्टाच्या मागच्या गल्लीत काठी टेकवून उभी असताना बेंबीच्या खाली काहीतरी हललं, तेव्हा मला शंकाच आली नाही. आतून बोटाचं टोक कोणी हलकेच टेकवावं, तसं दोनदा झालं. मी वहीत नोंद केली: वेळ सात बावीस, जोर कमी, जागा डावीकडे.

डॉक्टरबाई ती नोंद वाचून मनापासून हसल्या. त्यांनी समजावून सांगितलं की एवढ्यात बाळ हलतं खरं, पण लिंबाएवढं असतं. पहिल्या खेपेला आईला ते कळायला अठरा-वीस आठवडे लागतात. हा पोटातला वारा आहे. मला वारा शिकवत होत्या. पाइपातली हवा आणि पाणी यांत माझी गल्लत झाली असती, तर अर्धं शहर उगाच खणलं गेलं असतं.

घरी येऊन मी हे तणतणत सांगितलं. माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. पुढच्या खोलीत त्याचं टेबल आहे आणि फळीवर प्लास्टरचे पंचवीस-तीस जबडे कायम हसत असतात. तोही त्यांच्यात सामील झाला. म्हणाला, वारा असेल तर जाईल आपोआप, बाळ असेल तर शाळेत घालावं लागेल. आम्ही खूप हसलो. त्या दिवसांत आम्ही कशावरही हसत होतो.

पण एक गोष्ट मी हसण्यावारी नेऊ शकत नव्हते. मला कळांची भीती वाटायची. थोडीथोडकी नाही, पाचावर धारण बसायची. ताईच्या पहिल्या बाळंतपणाला मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. बाकीच्यांना भिंतीपलीकडून नुसतं ओरडणं ऐकू येत होतं. मला ओरडण्याच्या आधीचा श्वास ऐकू येत होता, कॉटच्या गजावर आवळत जाणारी तिची मूठ ऐकू येत होती. ताईला विचारलं तर ती म्हणायची, अगं, दुसऱ्या दिवशी विसरायला होतं सगळं. ती विसरली असेल, मी नाही. बाळ हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. फक्त ते बाहेर कसं येणार, हा विचार आला की मी हातातलं काम टाकून खाली बसायची. डॉक्टरबाईंना मी दोनदा विचारलं, सरळ ऑपरेशनच का नाही करत. त्या म्हणाल्या, तशी गरज दिसत नाही, वेळ आली तर दुखणं कमी करायचं इंजेक्शन आहे, आणि भीतीवर औषध नाही.

सोळाव्या आठवड्यात एका रविवारी सकाळी मी जे केलं, ते दुसऱ्या कुठल्या बाईने केलं नसतं. आरामखुर्चीत रेलले, काठीचा खालचा निम्मा तुकडा फिरवून काढला, उरलेल्या काठीचं टोक पोटावर टेकवलं आणि वाटी कानाला लावली.

आधी माझंच रक्त वाजत होतं. त्याच्याखाली दुसरं, घाईतलं, धावणारं. आणि त्याच्याही खाली एक स्वच्छ ठोका. मी नखाने काठीवर एकदा टिचकी मारली. आतून एक ठोका आला. मी चार मारल्या. चार आले.

योगायोग तपासून घ्यायची मला सवय आहे. मी तीन दिवस वेगवेगळ्या वेळी करून पाहिलं, मध्ये मुद्दाम चुकवून पाहिलं. सात मारल्या, सात आले. मग नवऱ्याला बोलावलं. त्याने हसत हसत वाटी कानाला लावली, मी टिचक्या मारल्या. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण तो हसत नव्हता. त्याने काठी हळूच कोपऱ्यात उभी केली, ‘पाणी वाजतं गं,’ म्हणाला आणि टेबलावर जाऊन बसला. त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा वरच्या जबड्याला खालचे दात बसवले.

मला मात्र भीती वाटली नाही. उलट मजा वाटायची. दिवसभर लोकांच्या पायांखाली काय चाललंय ते ऐकायचं आणि घरी आलं की आपल्या माणसाशी गप्पा मारायच्या. पुढे तर काठीचीही गरज उरली नाही. मी पोटावर बोटाने ठोका द्यायची, आणि आतून तळहाताला उत्तर मिळायचं. मी ताईला सांगितलं, माझं बाळ गणितात हुशार आहे. ताई म्हणाली, मग आपल्या घरातलं नाही.

तिसाव्या आठवड्यानंतर साहेबांनी मला रस्त्यावरून उचलून फायलींच्या टेबलावर बसवलं. चौतिसाव्या आठवड्यात दवाखान्याने होणाऱ्या आयांना बाळंतपणाची खोली बघायला बोलावलं. खोली छान होती, पडद्यांवर निळी फुलं होती. पण शेजारच्या खोलीत कोणीतरी होतं. बाकीच्या आया पडद्यांचं कौतुक करत होत्या, आणि मला भिंतीतून तो आधीचा श्वास ऐकू येत होता.

घरी आले, न्हाणीघरात स्टुलावर बसले आणि रडले. मला हे जमणार नाही, असं मोठ्याने म्हणाले. आणि मग, हात गेला तो निव्वळ सवयीने, पोटावर दोन ठोके दिले.

दाब घेशील का?

उत्तर लगेच आलं. एक, दोन, तीन.

मी रडता रडता हसायला लागले. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझी भीती गेली. इतक्या वर्षांची भीती कोणीतरी उचलून नेल्यासारखी गेली. त्या संध्याकाळी मी तीन ताटं जेवले. नवऱ्याला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी नवीन गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी मी हा किस्सा मुकादमांना रंगवून सांगितला. ते ऐकता ऐकता चहा प्यायचे थांबले.

‘तीन ठोके किती वेळाने आले?’ त्यांनी विचारलं.

‘लगेच.’

‘मला लाइन तपासायला निदान दोन मिनिटं लागतात.’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘न तपासता तीन देणाऱ्याला मी खड्ड्यात उतरू देत नाही, पोरी.’

‘अहो मुकादम, ते बाळ आहे.’

‘तेच म्हणतोय मी.’

मग ते दुसऱ्याच कुठल्यातरी गळतीबद्दल बोलायला लागले. मी मनावर घेतलं नाही. पुढचे सगळे आठवडे मी मजेत होते, गाणी म्हणत फायली लावत होते.

दिवस भरल्यावर एका सकाळी सहा वाजता पाणी गेलं. मी नवऱ्याला हाक मारून सांगितलं, आज गळती मलाच सापडली. तो पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून मला दवाखान्यात घेऊन गेला. ताई तिकडेच आली.

सिस्टरने पोटाला पट्टा बांधून यंत्र सुरू केलं. कळ आली की कागदावरची रेघ चढते, गेली की उतरते. मी तिला नव्या साहेबांची नक्कल करून दाखवत होते. ती हसत होती, आणि एकीकडे कागद बघत होती.

‘आत्ता दुखत नाहीये तुम्हाला?’

‘नाही.’

‘हे बघा.’ कागदावर मोठा डोंगर झाला होता. ‘इतक्या कळेला बायका माझा हात मोडायला निघतात.’

मी पोटाला हात लावून पाहिला. दगडासारखं कडक झालं होतं. आत काहीच दुखत नव्हतं. ताई म्हणाली, नशीबवान आहेस, आणि माझा मुका घेतला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एरवी सतत हलणारं माझं बाळ प्रत्येक डोंगराच्या वेळी अगदी स्तब्ध व्हायचं. डोंगर उतरला की एकदा, थकल्यासारखं, सरकायचं. मी एक ठोका दिला. उत्तर आलं नाही. म्हटलं, कामात असेल.

दहा वाजून पाच मिनिटांनी मुलगी झाली.

ती एकदा रडली, सगळ्यांना हवी असते तेवढीच. मग गप्प झाली. पुसून, गुंडाळून तिला माझ्या कुशीत ठेवलं. इतकी सुंदर मुलगी मी पाहिली नव्हती, आणि हे मी आई म्हणून सांगत नाही, बारा वर्षं बारकाईने काम केलेली बाई म्हणून सांगतेय. नवऱ्याने तिच्या हिरड्या बघितल्या आणि जाहीर केलं, एकही दात नाही, आपलंच गिऱ्हाईक. ताई रडत होती, हसत होती. मग ती दोघं फोन करायला बाहेर गेली.

खिडकीतून ऊन आत आलं होतं. सिस्टर चादरी बदलत होती.

मुलीचं अंग ताठ झालं.

हळूहळू, पायांपासून वर. मुठी आवळल्या गेल्या, खालचा ओठ आत ओढला गेला, कपाळावर घाम आला. आवाज नाही. मी मोजायला लागले. पन्नास सेकंद. मग सगळं सैल पडलं, आणि तिने लांब श्वास सोडला.

तो श्वास मला ओळखीचा होता.

चार मिनिटांनी पुन्हा झालं. मग पुन्हा चार मिनिटांनी.

मी सिस्टरला सांगितलं. तिने वाकून पाहिलं, गालाला बोट लावलं. ‘नवीन बाळं दचकतात अशी. काही नाही.’

मी मुलीची मूठ उघडली. तळहातावर नखांच्या चार खुणा होत्या, त्यातली एक लाल होती.

दाब परत मागायचा ठोका आमच्या कामात नाही. मला जे येत होतं ते मी केलं. तिच्या पाठीवर बोटाने तीन ठोके दिले. दे. मला दे, मी घेते.

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग तिचा इवलासा हात वळला, आणि तिने माझं ते बोट धरलं. पुन्हा ठोका देता येणार नाही, इतकं घट्ट.

मी सिस्टरला विचारलं, पहिल्या खेपेला कळा साधारण किती वेळ चालतात.

‘पहिलटकरणीला? बारा-चौदा तास तरी धरा,’ ती उशीचा अभ्रा झटकत म्हणाली. ‘तुम्ही सुटलात लवकर.’

घड्याळात पावणेअकरा झाले होते. माझ्या बोटाभोवतीची मूठ पुन्हा आवळायला लागली.