पोर्ट्समथचे चार ठोके

"पासपोर्ट चोरीला गेलाय. आत इंग्लंडचा व्हिसा आहे, आणि शनिवारी निघायचंय."

श्रीधर साखळकर तपासनिसांच्या कचेरीत ताठ बसून बोलत होते. कोकणातल्या बंदरात परकी जहाजं आत आणणारे पायलट म्हणून त्यांची हयात गेली होती. इंग्लंडमधलं पोर्ट्समथ बंदर बघायचं, हे चाळीस वर्षांचं वेड. जुनी लढाऊ गलबतं, बंदराच्या तोंडाशी उभा दगडी बुरूज, शिडासारखा उंच मनोरा. मुलाने, कपिलने, सहल ठरवली तेव्हाच त्यांनी मनगटावरचं घड्याळ एक तास मागे लावून टाकलं होतं.

खासगी तपास करणाऱ्या ऊर्मिला पाटणकर आणि त्यांचे मदतनीस दिनकरराव श्रीधररावांसोबत त्यांच्या फ्रँकफर्टमधल्या घरी आले. पासपोर्ट सोमवारी रात्री कपाटात होता, मंगळवारी संध्याकाळी नव्हता. दागिने जागच्या जागी.

सून शमिका पहिली बोलली. "बाबांना मीच नकाशा काढून दिला. कपिल मार्चमध्ये ऑफिसच्या कामाने तिथे जाऊन आलाय ना! त्याने तिथून फोन केला तेव्हा मागे घंटा वाजत होती. 'ऐक, पोर्ट्समथचे चार वाजले,' म्हणाला. मी आमच्या मुलीला, अन्वीला, शाळेतून आणायला निघाले होते, बरोबर चारला."

"आणि कपिलचा व्हिसा?"

"मार्चचा संपला. नवा ऑफिस करून देतंय. शुक्रवारपर्यंत येईल."

कपिल फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने लॅपटॉपची बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही. "मंगळवारी? हो, दिवसभर ऑफिसात."

राहिला वेदांग, मागच्या खोलीत राहून शिकणारा श्रीधररावांचा भाचा. "मी अकरा वाजता शहरातल्या लायब्ररीत होतो. कपिलदादाही होता की. मी हात केला, त्याचं लक्ष नव्हतं."

दिनकररावांना तेवढं पुरलं. "दादा ऑफिसात होता! मामांच्या घरात राहतोस, त्यांचंच अन्न खातोस, आणि खोटं बोलतोस?"

सगळ्यांसमोर. वेदांगचे कान लाल झाले. तो आत गेला आणि सुटकेस काढल्याचा आवाज आला.

"थोडं थांबायला हवं होतं, दिनकरराव," ऊर्मिला म्हणाल्या आणि श्रीधररावांकडे वळल्या. "किती वाजले?"

"तिथे पाच. इथे सहा."

"गेनाऊ, अगदी बरोबर. इथे सहा, तेव्हा तिथे पाच. मग शमिकाच्या दारात चार वाजले, तेव्हा पोर्ट्समथच्या घंटेने तीनच ठोके द्यायला हवे होते. ती घंटा जर्मनीतली होती. कपिल मार्चमध्ये इंग्लंडला गेलेच नाहीत. आता मंगळवार. वेदांगला स्वतःचा बचावच करायचा असता तर त्याने ज्याला लगेच विचारता येईल असा साक्षीदार कशाला दिला असता? म्हणजे कपिल खरोखर लायब्ररीत होते. कामाच्या दिवशी, अकरा वाजता. म्हणजे नोकरीच राहिलेली नाही. ज्याला ऑफिसच नाही, त्याला व्हिसासाठी ऑफिसचं पत्र कोण देणार? स्वतःला जाता येत नाही हे सांगायचं नव्हतं. बाबांचा पासपोर्ट हरवला की सहल आपोआप रद्द. बॅग उघडता, कपिल?"

बॅगेतून निळा पासपोर्ट निघाला. कपिलने तो वडिलांच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला.

"जानेवारीत काढलं मला. मार्चमध्ये इथेच, कोलोनला मुलाखत होती; घंटा तिथल्या चर्चची. सांगायची लाज वाटली. मग रोज थोडी थोडी वाढत गेली."

शमिकाने तोंड फिरवलं. श्रीधरराव पासपोर्टाकडे बघतही नव्हते.

"माझ्या हट्टापुढे तुला हे सांगता आलं नाही," ते हळू म्हणाले. "तीन महिने मी जेवताना गलबतांच्याच गोष्टी सांगत बसलो. कोलोनवाल्यांनी काय सांगितलं?"

"नाही घेतलं."

"बस इथे. जेवून मग बोलू."

दिनकरराव मात्र तिथे थांबू शकले नाहीत. मागच्या खोलीत वेदांग शर्टांच्या घड्या घालत होता.

"बाळा, चूक माझी झाली."

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, काका."

त्याचा आवाज चढलाही नाही. दिनकररावांनी मान खाली घातली. मग ते बाहेरच्या खोलीत परत गेले, सगळे बसले होते तिथे, आणि उभे राहून म्हणाले, "मला तुमच्यासमोर काही बोलायचंय. वेदांगलाही बोलवा."