न बिघडणारा प्रिंटर

सेल्समनने पहिल्या प्रिंटरवर हात ठेवून "ताई, हा डोळे झाकून घ्या" म्हटलं, आणि त्याच्या पाठीमागे स्टुलावर बसलेल्या माणसाने मान हलवली. आडवी.

तिला वाटलं, मानेला रग लागली असेल.

"प्रिंट, स्कॅन, कॉपी – तिन्ही एकात, ताई. आणि किंमत बघा, चपलांच्या जोडाएवढी!"

मागे मान पुन्हा आडवी. या वेळी सावकाश, समजेल अशी. शिवाय त्या माणसाने चिमटीत काहीतरी इवलंसं धरल्याची खूण केली आणि दुसऱ्या हाताने शर्टाचा खिसा चाचपून रिकामा दाखवला. इवलीशी शाईची डबी, ती भरता भरता खिसा रिकामा. नाकापेक्षा मोती जड! तिला अर्थ लागला, आणि हसू लपवायला तिने पर्समध्ये उगाच किल्ली शोधली.

दुसरा प्रिंटर पांढराशुभ्र, फोनसारख्या पडद्याचा. मान आडवी. तिसऱ्याचं झाकण अलगद, हवेत तरंगत मिटायचं. ते पाहताच माणसाने डोळेच मिटून घेतले.

सेल्समन किंमतपत्रक आणायला आत गेला, तशी ती वळली.

"मानेला काही झालंय का?"

"नाही... सवय आहे." तो उठून उभा राहिला. मांडीवरची हत्यारांची पिशवी खाली ठेवताना ती पायावर पडली. त्याने ते दाखवलं नाही. "मी दुरुस्ती करतो. ही वरच्या फळीवरची सगळी मंडळी वर्षभरात माझ्याकडे येतात. माहेरपणाला."

"मग मी काय घेऊ?"

"आधी छापणार काय, ते सांगा."

एवढ्या वेळात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तिने सांगितलं. मेंदूला झटका येऊन ज्यांची वाचा जाते, त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते. इतकी वर्षं इस्पितळात शिकवलं. पुढच्या सोमवारपासून घरातल्या पुढच्या खोलीत. त्यासाठी चित्रांची कार्डं लागतात. रंगीत, जाड कागदावर, आणि प्रत्येकाची निराळी.

"निराळी का?"

"माणसाला कुठलाही चष्मा बघून शब्द आठवत नाही. स्वतःचा बघितला की आठवतो... कधीकधी."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग एकदम कामाचं बोलायला लागला, जरा जास्तच भरभर. "जाड कागद म्हणजे मागून सरळ आत जाणारा हवा. खालच्या ट्रेमधला कागद पोटात वळतो, जाड असला की अडकतो. आणि शाई बाटलीने ओतायची, टाकीवाला." वाकून त्याने सर्वांत खालच्या फळीवरून एक काळा, चौकोनी, कसलाच थाट नसलेला प्रिंटर पुढे ओढला. "हा. रूप यथातथाच. पण तीन वर्षांत या मॉडेलचा एकच माझ्याकडे आला, तोही आत पाल शिरली म्हणून."

"असेच विकले गेले तर तुमचं कसं चालायचं?"

"वरच्या फळीवर." तो हसला. "पथ्य एकच. आठवड्यातून एक तरी रंगीत पान छापायचं. नाहीतर शाई वाळते, मग हाही आजारी पडतो."

"आणि पडला तर?"

त्याने खिशातलं पेन काढून प्रिंटरच्या खोक्याच्या कडेवर आपला नंबर लिहिला. "पडणार नाही. पण... असू द्या."

*

"नकारघंटाच म्हण की!" सगळं ऐकून आई म्हणाली. "आणि तुला ताई म्हणाला का?"

"सेल्समन म्हणाला. अकरा वेळा."

"मी घंटेचं विचारतेय."

ती आठवू लागली. "नाही. ताई नाही, मॅडम नाही... काहीच नाही."

"असं?" आईने शेंगा सोलता सोलता वर पाहिलं. "मग बघायला हवं."

बघायचं कसं, हाच प्रश्न होता. प्रिंटर लावला त्या दिवसापासून कुरकुर नाही, अडकणं नाही. पहिले आले ते निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्याच घरच्या कुलपाचं, त्यांच्याच कपाचं कार्ड तिने छापलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कार्डावर बोट ठेवलं, ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले आणि म्हणाले, "कप." त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. एवढी आनंदाची गोष्ट कोणाला तरी सांगावी म्हणून तिने फोन हातात घेतला, खोक्यावरचा नंबर पाहिला... आणि ठेवून दिला. काय सांगणार? तुमचा प्रिंटर चालतोय?

दुसऱ्यांना शब्द देणारी बाई स्वतः मात्र एका वाक्यावर अडून बसली.

सहाव्या आठवड्यात तिने निर्णय घेतला. प्रिंटरचं बटण बंद केलं, वर कापड टाकलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कार्डं छापून आणायला लागली. शाई वाळू दे. आजारी पडू दे मेल्याला.

पंधरा दिवस भुरभुरत्या पावसात, छत्रीखाली कागद छातीशी धरून, घरात उत्तम प्रिंटर असलेली ती बाई रांगेत उभी राहिली. सोळाव्या दिवशी तिने कापड काढलं आणि एक रंगीत पान सोडलं.

लख्ख. एक रेघ चुकली नव्हती.

"बाई गं," आई म्हणाली, "लोकांच्या घरी मशीन चाललं की पेढे... आपल्या घरी सुतक!"

मग तिने सरळ फोन केला. "कागद ओढताना आवाज येतोय."

"कसला?"

"कुर... कुरकुर."

"येतो," तो इतक्या झटकन म्हणाला, की तिने जुळवून ठेवलेलं पुढचं वाक्य तसंच राहिलं.

*

दार आईने उघडलं. "या, या, नकारघं–" आणि जीभ चावली. "चहा टाकते," म्हणत ती आत पळाली.

"कोण म्हणाल्या?"

"काही नाही. इकडे आहे प्रिंटर."

त्याचे केस पावसाने कपाळाला चिकटले होते. त्याने एक पान सोडलं, कान लावला. दुसरं सोडलं. तिसरं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं.

"आवाज तर नाही..." तो म्हणाला, आणि त्याची नजर टेबलावरच्या कार्डांवर गेली. त्याने एक उचललं. अंगठा फिरवला. उजेडात तिरकं धरलं, किंचित वाकवलं. रंगाला बारीक तडा गेला.

"ही या प्रिंटरची नाहीत."

तिने उरलेली कार्डं गोळा करायला घेतली.

"यातला रंग कागदात मुरतो. हा वर बसलाय, चमकतोय. लेझरचा आहे." त्याने कार्ड हळूच खाली ठेवलं. "घरात मशीन असताना तुम्ही बाहेर छापून आणता."

"अहो, ते..."

"म्हणजे मशीन पसंत नाही. मला वाईट वाटेल म्हणून आवाजाचं सांगितलंत." त्याचा चेहरा पार उतरला. "माझं दुकान नाही, पाटी नाही. लोक एवढंच म्हणतात, याने सांगितलेलं मशीन परत जात नाही. पण तुमचं काम अडता कामा नये. मी बोलतो दुकानात, आजच बदलून देतील." आणि त्याने वायर काढून गुंडाळायला सुरुवात केली.

वायरीचा एक वेढा. दुसरा. तिसऱ्याला तिने वायर धरली.

"थांबा. प्रिंटरमध्ये काही खोट नाही."

"मग?"

"हेच तर..." तिने श्वास घेतला. ओठ जुळवले, सोडले. "तो बिघडतच नाही! पंधरा दिवस मुद्दाम बंद ठेवला, शाई वाळावी म्हणून. वाळली नाही. बिघडला असता तर तुम्ही आला असतात..."

वायरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. बाहेर पन्हाळीतून पाणी टपटपत होतं. तिचे कान तापत गेले.

"तुम्हाला माहितीये," तो अखेर म्हणाला, "मी रोज दुकानात जाऊन विचारतो, त्या काळ्या मॉडेलची तक्रार आली का. सेल्समन म्हणतो, लोक तक्रार येऊ नये म्हणून देव पाण्यात घालतात, तू ती यावी म्हणून घातलेस! दोन महिने झाले. स्वतःच्या अकलेला इतक्या शिव्या मी कधी दिल्या नव्हत्या."

"मग वरच्या फळीवरचा का नाही दिलात?"

"तुमच्या कार्डांचं काय झालं असतं?"

तिला हसू आलं, आणि या वेळी ते तिने लपवलं नाही.

वायर पुन्हा जोडून झाल्यावर त्याने पिशवीतून प्रिंटरच्या दुकानाचं, कार्बन लावलेलं पुस्तक काढलं. दुकानाचा नियम – घरी भेट दिली की कागद भरायचा, गिऱ्हाइकाची सही घ्यायची. 'तक्रार' या रकान्यावर त्याचं पेन अडलं.

"काय लिहू? खोटं मी लिहीत नाही."

"आणा इकडे." तिने पुस्तक ओढून घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं – 'दुरुस्ती करणारा काम झालं की लगेच निघून जातो.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग 'उपाय' या रकान्यात हाताचा आडोसा करून, परीक्षेला बसल्यासारखं, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि पुस्तक तिच्याकडे फिरवलं.

'आज थांबला. रविवारी पुन्हा पाहणी आवश्यक. त्यानंतर दर रविवारी... मुदत नाही.'

"सही करा," तो म्हणाला.

तिने सही केली. चहाचा ट्रे घेऊन आई दारात कधीची उभी होती, कोण जाणे. ट्रे टेबलावर ठेवून तिने हात पुढे केला.

"यातली एक प्रत गिऱ्हाइकाची असते ना? ती माझ्याकडे द्या. हिच्याकडे कागद राहत नाहीत."