खर्डा झाला

कोल्हापुरातल्या ऋतुजाच्या स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी टप्पेकर ठेवलेला असे. काडेपेटीएवढं यंत्र. बोललेलं लिहून घ्यायचं, कादंबरीचे झेपतील एवढे टप्पे पाडून द्यायचं आणि टप्पा पुरा झाला की त्याला कुलूप लावायचं. किल्ली शेवटचं प्रकरण लिहून झाल्यावरच तयार व्हायची. तोवर मागचं पान यंत्र बनवणाऱ्यालाही उघडता येत नसे.

यंत्र उत्तम होतं, घोडं अडलं होतं ऋतुजापाशी. टप्प्याचा कच्चा मसुदा संपल्यावर "खर्डा झाला" एवढंच म्हणायचं, आणि तेच तिच्या तोंडून निघत नव्हतं. वर्षानुवर्षं बाई पहिलंच प्रकरण घासूनपुसून लख्ख करत होत्या! कादंबरी आईवर होती. सुनंदाबाईंनी उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. आता त्या बहुतेक वेळ अंथरुणावरच असत. "माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे," एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्या दिवशी ऋतुजा खलबत्त्यात हिरव्या मिरच्या, लसूण आणि दाणे कुटत होती. आतून आईनं हाक मारली, "भाकरी गार व्हायला लागली की! खर्डा झाला का न्हाई अजून?"

"झाला गं आई, खर्डा झाला!"

"पहिला टप्पा बंद," टप्पेकर म्हणाला. "पुढच्या टप्प्याला लागायचं?"

"अरे, मिरचीचा खर्डा! उघड आधी!"

"तो टप्पा बंद आहे."

ऋतुजाला रडू कोसळलं. पहिलंच वाक्य बदलायचं राहिलं होतं. तिखट हातानंच डोळे पुसल्यामुळे रडणं आणखी वाढलं.

सुनंदाबाईंनी सगळं ऐकून घेत भाकरीचा तुकडा मोडला. "टप्पा संपला की डबल बेल मारायची. राहिलेल्या पॅसेंजरसाठी कोण गाडी रिव्हर्स घेतंय व्हय? बस आणि लिही."

ऋतुजा हट्टाला पेटली. रोज भाकऱ्या थापायच्या आधी एक प्रसंग, बरा असो वा वाईट. टप्पा संपला की दातओठ खाऊन ती "खर्डा झाला" म्हणे, आणि खाटेवरून आई तोंडानंच "टिंग टिंग" करी.

शेवटचं प्रकरण संपलं आणि सगळी कुलपं उघडली. ऋतुजानं आईला पहिलं पान वाचून दाखवलं.

"ह्यात काय बदलायचं हुतं तुला?" आईनं हसत विचारलं.

काहीच नव्हतं. ऋतुजाला भरून आलं, आणि मग एकदम काहीतरी खटकलं. हे यंत्र घरात आल्यापासून तिनं कितीदा तरी खर्डा कुटला होता, आईच्या हाकेला असंच उत्तर दिलं होतं. एरवी टप्पेकराला मिरची आणि मसुदा यांतला फरक बरोबर कळायचा.

"खरं सांग," ती म्हणाली, "त्या दिवशी तुझी ऐकण्यात चूक झाली, की तू ठरवून केलंस?"

टप्पेकर नेहमीपेक्षा जरा उशिरानं बोलला.

"तो टप्पा बंद आहे. पुढच्या टप्प्याला लागायचं?"